समुद्री टाकीत शेवाळ पुन्हा पुन्हा येते तेव्हा : ठाणे आणि नवी मुंबईतील घरांसाठी समस्या निवारण

काच घासली, खडकावरचे तंतू उपटले, पाणी बदलले, आठ-दहा दिवस टाकी स्वच्छ दिसली आणि मग तेच हिरवे-तपकिरी आवरण पुन्हा वाळूवर व खडकांवर पसरले, ही तक्रार आपल्या भागात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी केलेली असते. त्यावर पहिला प्रश्न सहसा ‘कोणते औषध घालावे’ असा विचारला जातो. शेवाळ एकदाच आले तर तो नव्या टाकीच्या वाढीचा एक टप्पा असू शकतो, परंतु ते वारंवार येत असेल तर त्याचे खाद्य टाकीत नियमितपणे पोहोचत आहे असेच समजावे. ठाणे-नवी मुंबईच्या घरांत हे खाद्य येण्याची सर्वांत दुर्लक्षित वाट म्हणजे उडून गेलेल्या पाण्याच्या जागी आपण रोज ओततो ते पाणी होय. औषधाने वाढलेले शेवाळ मरते, मेलेले शेवाळ पाण्यात विरघळते आणि वाट मात्र तशीच उघडी राहते. म्हणून येथे औषधांपेक्षा त्या वाटेविषयी अधिक लिहिले आहे.

समोर काय वाढते आहे ते आधी ओळखावे

ज्यांना आपण सरसकट शेवाळ म्हणतो त्यांतील काही जीव शेवाळ नसतातच, आणि एकाला आवरणारा उपाय दुसऱ्याला बळ देतो. वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटीचा थर दिसत असेल आणि तो बोटाने सहज पुसला जात असेल, तर ते डायटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शेवाळ, असतात. नव्या टाकीत पहिल्या दीड-दोन महिन्यांत ते येतात आणि आपोआप ओसरतात. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत ते परत परत येत असतील तर पाण्यातून सिलिका येत आहे असा संशय घ्यावा, कारण डायटमचे कवचच सिलिकेचे असते. जांभळट लाल किंवा काळपट हिरवा, बुळबुळीत पापुद्रा वाळूवर पसरत असेल आणि पिपेटने फुंकर मारल्यावर तो अखंड तुकड्यांनी उचलला जात असेल, तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू आहेत. खडकावर घट्ट बसलेले हिरवे तंतू हे केसाळ शेवाळ. त्याच तंतूंना मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंनी बारीक फांद्या फुटलेल्या दिसत असतील तर ते ब्रायॉप्सिस, जे केसाळ शेवाळापेक्षा कितीतरी चिवट असते. चकचकीत हिरवे गोल फुगे म्हणजे व्हॅलोनिया. काचेवर दोन-तीन दिवसांनी येणारी फिकट हिरवी झाक आणि खडकावर चढणारा गुलाबी-जांभळा कठीण थर ही मात्र समस्या नाही. तो थर कोरलाइन शेवाळाचा असतो आणि तो निरोगी टाकीची खूण आहे.

सर्वांत जास्त गफलत होते ती डिनोफ्लॅजेलेट्स या एकपेशीय सूक्ष्म जीवांच्या बाबतीत. हे जीव तपकिरी, चिकट, शेंबडासारख्या तारा धरतात, त्या तारांच्या टोकांना हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, दिवे लागल्यावर काही तासांत ते वाढलेले दिसतात आणि रात्री बरेचसे नाहीसे होतात. पाहणारा त्यांना डायटम किंवा सायनो समजतो, नायट्रेट आणि फॉस्फेट आणखी खाली आणतो, आणि नेमके तेच त्यांच्या पथ्यावर पडते, कारण ही दोन्ही मापे शून्यावर गेलेल्या टाकीत त्यांचे प्रतिस्पर्धी उपाशी मरतात आणि मैदान त्यांना मोकळे मिळते. घरच्या घरी करता येण्यासारखी एक परीक्षा आहे. टाकीतील पाण्यासह थोडा चिकट थर एका पारदर्शक बाटलीत घ्यावा, झाकण लावून तो पूर्ण विस्कटेपर्यंत जोराने हलवावा, हे पाणी कॉफी गाळण्याच्या कागदातून गाळावे आणि खाली उतरलेले पाणी तासभर दिव्याखाली न हलवता ठेवावे. त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात पुन्हा तपकिरी गुठळ्या आणि तारा जमू लागल्या तर ते डिनोफ्लॅजेलेट्स असण्याची शक्यता फार मोठी आहे. शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते गरगर फिरताना किंवा तुरुतुरु सरकताना दिसले की शंका उरत नाही. त्यांच्या काही जाती विषारी असतात आणि त्या खाणाऱ्या गोगलगायी मरतात, त्यामुळे अशा टाकीत हात घालताना हातमोजे वापरावेत.

भरपाईचे पाणी

टाकीतून वाफ होऊन जाते ते शुद्ध पाणी असते आणि त्यातील क्षार मागे राहतात. उरणच्या मिठागरात जे घडते तेच दिवाणखान्यातल्या टाकीत घडत असते. आपण जे पाणी भरपाईसाठी ओततो त्यात फॉस्फेट, नायट्रेट किंवा सिलिका असेल तर पाणी पुन्हा उडून जाते आणि हे पदार्थ साठत राहतात. एक साधा हिशेब मांडून पाहावा. समजा टाकी २०० लिटरची आहे, एप्रिल-मे महिन्यांत पाणी थंड ठेवण्यासाठी पंखा लावलेला आहे आणि रोज ३ लिटर पाणी उडते. महिन्याला ९० लिटर भरपाई होते. त्या पाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम सिलिका आणि ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट असेल, तर महिनाभरात ४५० मिलिग्रॅम सिलिका आणि ९ मिलिग्रॅम फॉस्फेट टाकीत जमा होते, म्हणजे टाकीच्या पाण्यात लिटरमागे अनुक्रमे २.२५ आणि ०.०४५ मिलिग्रॅमची भर पडते. प्रवाळांच्या टाकीत फॉस्फेट साधारणपणे ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅमच्या) दरम्यान असावे असे मानले जाते. हे लक्षात घेतले तर माशांना एक दाणाही न घालता केवळ पाण्यातून किती भर पडते ते कळते. उन्हाळ्यात शेवाळ का उसळते याचे उत्तर पुष्कळदा या हिशेबात असते. लोक उष्म्याला दोष देतात. उष्म्याने वाढ वेगाने होते हे खरेच, पण तीच वेळ भरपाई सर्वाधिक होण्याचीही असते.

ठाण्याच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः भातसा आणि उल्हास नद्यांच्या खोऱ्यांतून येते आणि नवी मुंबईचे पाणी मोरबे धरणातून. हे सगळे पाणी सह्याद्रीच्या बेसॉल्ट खडकावरून आणि त्याच्या मातीतून वाहत येते, म्हणून त्यात विरघळलेली सिलिका असते. हे पाणी पिण्यासाठी चांगले आहे आणि त्याचा टीडीएसही (विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) सहसा फार नसतो, परंतु टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि विरघळलेली सिलिका बहुतांशी विद्युतभाररहित स्वरूपात असल्यामुळे ती त्या मीटरला जवळजवळ दिसतच नाही. म्हणून ‘आमच्या नळाचा टीडीएस कमी आहे, तेव्हा आरओची गरज नाही’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. घोडबंदर रोडसारख्या भागांत जेथे सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकर घ्यावे लागतात तेथे तर पाणी एका आठवड्यात धरणाचे आणि पुढच्या आठवड्यात बोअरवेलचे असू शकते, आणि गच्चीवरच्या टाकीत दोन्ही मिसळतात.

यावर बहुतेक जण ‘पण मी आरओचेच पाणी वापरतो’ असे सांगतात, आणि येथे थोडे थांबून स्वयंपाकघरातला तो आरओ उघडून पाहणे आवश्यक आहे. घरगुती यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांत पुढचे झाकण काढल्यावर मेम्ब्रेनच्या, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्याच्या, नळीजवळ एक लहानसा प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह दिसतो, ज्यावर पेचकसाने फिरवायचा स्क्रू असतो. हा टीडीएस कंट्रोलर. मेम्ब्रेनमधून गाळून आलेल्या पाण्यात न गाळलेले, फक्त कार्बन आणि यूव्हीमधून गेलेले पाणी थोडे परत मिसळावे, जेणेकरून पाण्याला चव राहील, हे त्याचे काम. सर्व्हिसला येणारा तंत्रज्ञ तो स्क्रू पिण्याच्या दृष्टीने जुळवतो आणि ते त्याच्या परीने योग्यच असते. पण त्या मिसळलेल्या पाण्यासोबत नळातील सिलिका आणि फॉस्फेटही परत येतात. तपासण्याची रीत सोपी आहे. आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएस १२० असेल आणि मेम्ब्रेन ९५ टक्के क्षार अडवत असेल, तर बाहेर ६ च्या आसपास आकडा दिसायला हवा. नळीला ५० किंवा ६० दिसत असेल तर एकतर कंट्रोलर उघडा आहे, किंवा मेम्ब्रेन निकामी झाला आहे, किंवा पाणी शेवटी मिनरल कार्ट्रिजमधून जात आहे. अलीकडे पाण्यात तांबे सोडणारी यंत्रेही घरोघरी आली आहेत. त्यांचे पाणी समुद्री टाकीत कधीही घालू नये, कारण माणसाला चालणारे तांब्याचे प्रमाण कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना मारक ठरते, आणि गोगलगायी मेल्या की शेवाळ खाणारे कोणी उरत नाही.

टाकीसाठी पाणी घ्यायचे ते मेम्ब्रेनमधून बाहेर पडताच, कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधी, एका टी-जोडाने वेगळे काढावे आणि पुढे डीआय रेझिनच्या (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांच्या) नळकांड्यातून न्यावे. रंग बदलणारे मिश्र रेझिन घेतल्यास ते संपत आल्याचे डोळ्यांना दिसते. रेझिननंतर टीडीएस ० असावा. येथे एक बारकावा आहे जो फार कमी लोक लक्षात घेतात : रेझिन थकू लागते तेव्हा सर्वप्रथम सुटते ती सिलिका, आणि ती मीटरला दिसत नसल्यामुळे आकडा अजून शून्य किंवा एक दाखवत असतानाच डायटम परत आलेले असतात. म्हणून डायटम परतले आणि बाकी काहीच बदललेले नसेल, तर रेझिनचा रंग शेवटपर्यंत उतरण्याची वाट न पाहता ते बदलावे. यंत्र सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे मेम्ब्रेनमधून जास्त क्षारांचे पाणी येते, तेवढे पाणी भांडी घासायला किंवा झाडांना द्यावे आणि नंतरचे भरावे; दिवसातून दहा वेळा एकेक लिटर भरण्यापेक्षा आठवड्याचे पाणी एकदाच भरून ठेवणे या कारणाने चांगले. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर काही जण वापरतात; अडीअडचणीला ते चालू शकते, पण प्रत्येक कॅनचा टीडीएस मोजल्याशिवाय ओतू नये.

दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलणे हा सगळीकडे सांगितला जाणारा उपाय आहे आणि तो योग्य आहे, मात्र मीठ ज्या पाण्यात कालवले तेच पाणी सदोष असेल तर पाणी बदलल्याने काहीच साधत नाही, उलट प्रत्येक बदलाबरोबर नवी सिलिका आत येते. पाणी बदलल्यावर दोन-तीन दिवसांत डायटम वाढत असतील तर दोष कुठे आहे हे सांगण्यास आणखी पुरावा नको.

समुद्र जवळ असल्यामुळे थेट खाडीचे पाणी आणण्याचा विचारही कोणी कोणी करतो. तो मनातून काढून टाकावा. ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात ते तिथल्या चिखलावर आणि उथळ पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळासाठी आणि बारीक जीवांसाठी. २०१५ मध्ये तेथे अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पक्ष्यांना हवे असलेले शेवाळ जे पाणी एवढे भरभरून वाढवते, ते आपल्या टाकीत आणणे म्हणजे खतच आणणे होय, आणि शिवाय त्या पाण्यात शहराचे सांडपाणीही असते.

चाचणी शून्य दाखवते, तरी शेवाळ कसे?

केसाळ शेवाळाने खडक झाकलेले असताना फॉस्फेटची चाचणी शून्य येते आणि माणूस गोंधळतो. चाचणी पाण्यात उरलेले फॉस्फेट मोजते. शेवाळाने शोषून घेतलेले नव्हे. शिवाय स्वस्त रंगचाचण्यांची पहिली पायरीच ०.२५ पीपीएमची असते, म्हणजे आपल्याला ज्या पट्ट्यात लक्ष ठेवायचे तो पट्टा त्या कार्डावर नसतोच. कमी मापासाठी बनवलेला डिजिटल मापक किंवा तेवढी बारीक रंगचाचणी घ्यावी. काही मापक फॉस्फेटऐवजी फॉस्फरस पीपीबीमध्ये (पीपीएमच्या हजाराव्या भागात) दाखवतात. तो आकडा ३.०६६ ने गुणून १००० ने भागला की फॉस्फेट पीपीएममध्ये मिळते, म्हणजे पडद्यावरचे २० हे सुमारे ०.०६ पीपीएम असते. नायट्रेटच्या चाचणीतही केवळ नायट्रोजनचे माप दिलेले असेल तर त्याला ४.४३ ने गुणावे लागते. सर्वसाधारणपणे नायट्रेट २ ते १० पीपीएमच्या दरम्यान ठेवावे.

वारंवार परतणाऱ्या शेवाळाचे दुसरे मोठे कारण खडकात दडलेले असते. टाकीतील खडक आणि वाळू कॅल्शियम कार्बोनेटची असते आणि तिच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटून बसते. पाण्यात फॉस्फेट जास्त असताना खडक ते साठवतो. आपण पाणी बदलून किंवा जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे) वापरून पाण्यातील फॉस्फेट खाली आणले की तोच खडक ते पुन्हा पाण्यात सोडू लागतो. दुसऱ्या कोणाची मोडलेली टाकी खडकांसह स्वस्तात विकत घेतली असेल, तर हा साठा आपल्या घरी आयताच आलेला असतो. ओळखण्यासाठी एवढे करावे : फॉस्फेट मोजावे, नेहमीपेक्षा मोठे पाणी बदलावे किंवा नवे जीएफओ लावावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे, आणि खाद्य नेहमीएवढेच ठेवून तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजावे. आकडा खाली येऊन पुन्हा पूर्वीच्या जागी चढला तर खडक सोडत आहे.

यावर घाईचा उपाय नाही. जीएफओ थोड्या प्रमाणात लावावे, आकडा चढू लागला की बदलावे, आणि हे काही महिने चालू ठेवावे लागेल अशी मनाची तयारी ठेवावी. एका झटक्यात फॉस्फेट शून्यावर नेले तर प्रवाळांच्या ऊती जळाल्यासारख्या होऊन गळतात आणि मागाहून डिनोफ्लॅजेलेट्स येतात. लँथेनम क्लोराइड फॉस्फेटचा साका बनवून काम करते आणि ते फार जलद आहे. मात्र तो बारीक साका सूक्ष्म गाळणीच्या पिशवीत अडकवला नाही तर माशांना, विशेषतः टँग जातीच्या माशांना, इजा होऊ शकते. त्यामुळे चालू टाकीत नवख्याने ते वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. खडक बाहेर काढून उकळण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो मुळीच मानू नये. खडकावर पॅलिथोआ किंवा झोअँथिड हे प्रवाळांसारखे मऊ जीव असतील तर उकळताना उठणाऱ्या वाफेतून पॅलिटॉक्सिन हे अत्यंत घातक विष घरात पसरू शकते आणि त्यामुळे संपूर्ण कुटुंब रुग्णालयात पोहोचू शकते.

खाद्य

बाजारातून ओली कोळंबी आणून बारीक चिरून घालणे ही आपल्याकडची चांगली सोय आहे, पण पाकिटातली गोठवलेली कोळंबी वेगळी. प्रक्रिया करताना तिच्यात पाणी टिकून राहावे म्हणून पुष्कळदा पॉलिफॉस्फेटच्या द्रावणाचा वापर केलेला असतो आणि ते फॉस्फेट सरळ टाकीत उतरते. पाकिटावरील घटकांच्या यादीत फॉस्फेट किंवा ४५१, ४५२ असे क्रमांक दिसले तर ते पाकीट घरच्या माणसांसाठी ठेवावे. ताजी कोळंबीही गाळणीत घेऊन आरओच्या पाण्याने धुवावी, आणि दोन-तीन मिनिटांत मासे संपवतील एवढीच घालावी.

गणपतीला आठ-दहा दिवस गावी जाणाऱ्या घरांत एक विशिष्ट प्रकार घडतो. शेजारच्या काकूंना किल्ली दिलेली असते, माशांना उपाशी ठेवणे त्यांच्या जिवावर येते, आणि परत आल्यावर टाकी लाल पापुद्र्याने भरलेली असते. काकूंना दोष देण्याचे कारण नाही. औषधाच्या गोळ्यांसाठी मिळणाऱ्या वारांच्या डबीत प्रत्येक दिवसाचे दाणे मोजून ठेवावेत, एक दिवसाआड कप्पे रिकामे ठेवावेत आणि खाद्याचा मूळ डबा कपाटात कुलूपबंद करून जावे. धडधाकट मोठ्या माशांना दिवसाआडचे जेवण पुरते.

प्रकाश, प्रवाह आणि उष्णता

खिडकीतून येणारे ऊन हे असे कारण आहे जे वर्षभर दिसत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला ठाण्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर राहतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या खिडकीतून ऊन खोलीत दूरपर्यंत शिरते आणि जी टाकी जूनमध्ये सावलीत होती ती थंडीत उन्हात येते. दर हिवाळ्यात एकाच बाजूच्या काचेवर हिरवा थर दाट होत असेल तर दुपारी त्या खोलीत थांबून ऊन कुठवर येते ते पाहावे आणि पडदा लावावा. दिवे रोज ८ ते ९ तासांपेक्षा जास्त चालू नसावेत, टायमर असावा, आणि शेवाळ असेपर्यंत पांढऱ्या व लाल दिव्यांची तीव्रता कमी ठेवून निळा प्रकाश ठेवावा.

सायनो नेहमी जिथे पाणी साचून राहते तिथे, म्हणजे खडकामागे आणि कोपऱ्यांत प्रथम दिसते. वेव्हमेकरची (टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाची) दिशा बदलून ते कोपरे हलते करावेत. फिल्टर सॉक (गाळणीची कापडी पिशवी) दोन-तीन दिवसांनी धुवावा. त्यात अडकलेली घाण तिथेच कुजत राहिली तर गाळून उपयोग नाही. पाण्याचे तापमान २५ ते २७ अंशांच्या आसपास हवे. पंखा बाष्पीभवनाने पाणी थंड करतो, म्हणून एप्रिलमध्ये तो बरे काम देतो, पण हवा दमट असते तेव्हा, पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात, त्याचा परिणाम फारच कमी होतो. प्रवाळ ठेवायचे असतील तर चिलरचा खर्च सुरुवातीलाच गृहीत धरावा.

वाट बंद केल्यावर, असलेले शेवाळ कसे काढावे

पाणी, खाद्य आणि प्रकाश यांची दुरुस्ती केल्यानंतर हाताने काढण्यासारखा दुसरा उपाय नाही, कारण उपटलेल्या प्रत्येक मुठीबरोबर त्यात बांधलेले नायट्रेट आणि फॉस्फेट टाकीबाहेर जाते. पाणी बदलण्याच्या दिवशी सायफनची नळी एका हातात धरून तिच्या तोंडाशीच दुसऱ्या हाताने तंतू उपटावेत, म्हणजे सुटलेले तुकडे टाकीभर न पसरता बादलीत जातात. व्हॅलोनियाचे फुगे टाकीत फोडू नयेत. शक्य असेल तर खडक बाहेर घेऊन ते बुडापासून उचकटून काढावेत.

बाहेर काढता येईल अशा लहान खडकासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडते. आपल्याकडे औषधाच्या दुकानात ते सहसा ६ टक्के मिळते, म्हणून त्यात तेवढेच आरओचे पाणी मिसळून ३ टक्के करावे, ब्रशने फक्त शेवाळावर लावावे, दोन-तीन मिनिटांनी टाकीच्याच काढलेल्या पाण्यात खडक खळबळून परत ठेवावा. प्रवाळांना आणि कोळंबीला ते लागू देऊ नये. पुढच्या तीन-चार दिवसांत तंतू पांढरे पडतात. ब्रायॉप्सिस याने पुरते हटत नाही. त्यासाठी छंदिष्ट मंडळी लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅम फ्लुकोनॅझोल वापरतात आणि ते दोन-तीन आठवड्यांत काम करते. परंतु हे माणसांच्या बुरशीजन्य आजारांवरचे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे, म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये आणि औषध असलेले पाणी इकडेतिकडे ओतू नये. सायनोवर प्रतिजैविक घालण्याच्या मी विरोधात आहे. तीन दिवस टाकी काळ्या कापडाने पूर्ण झाकून, हवेचा पंप चालू ठेवून, शेवटी मोठे पाणी बदलल्यास बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागते, आणि भागत नसेल तर वरीलपैकी एखादी वाट अजून उघडी आहे. गोड्या पाण्याच्या टाक्यांसाठी मिळणारी तांबेयुक्त शेवाळनाशके तर हातातही घेऊ नयेत.

डिनोफ्लॅजेलेट्स असतील तर यातील बरेचसे उलटे करायचे असते. जीएफओ काढून टाकावे, पाणी बदलणे थांबवावे, नायट्रेट ५ पीपीएमच्या आणि फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या आसपास येईपर्यंत खाद्य वाढवावे. जी जात रात्री पाण्यात तरंगते, तिच्यासाठी टाकीवर थेट जोडलेला यूव्ही दिवा फार परिणामकारक ठरतो. वाळूतच राहणाऱ्या जातीवर त्याचा उपयोग होत नाही.

शेवाळ खाणारे जीव शेवटी आणावेत. कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानातून लॉनमोअर ब्लेनी हा मासा किंवा टर्बो गोगलगायी आणण्याआधी त्यांना पुरेल एवढी टाकी आहे का ते पाहावे. टँग मासा दुकानात बोटभर दिसतो, पण त्याला पोहायला चार फुटांहून मोठी टाकी लागते आणि २०० लिटरमध्ये त्याला कोंडणे योग्य नाही. नॅसेरियस गोगलगायी उरलेले खाद्य खातात, शेवाळ खात नाहीत, तरी त्या शेवाळासाठी म्हणून विकल्या जातात. किनाऱ्यावरून स्वतः काही उचलून आणू नये : भारतीय समुद्रातील प्रवाळ आणि शंख-शिंपल्यांच्या काही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील गोगलगायी तशाही रात्री काचेवरून चढून बाहेर पडतात. सी हेअर नावाचा मऊ, कवचहीन दिसणारा प्राणी केसाळ शेवाळ झपाट्याने फस्त करतो, पण शेवाळ संपले की तो उपासमारीने मरतो. तो आणायचाच असेल तर खडक स्वच्छ झाल्यावर कोणाकडे द्यायचा हे वाशी-ठाण्यातील इतर टाकीवाल्यांशी आधीच बोलून ठरवावे, आणि मधल्या दिवसांत त्याच्यासाठी बिनमसाल्याच्या, बिनमिठाच्या नोरीचे (वाळवलेल्या खाद्य समुद्री शेवाळाचे) तुकडे खडकाला रबरबँडने बांधून ठेवावेत.